अर्धं शटर

"गुफरानचा रोजा नसतो," दिलावर सदरसाहेबांच्या कानाशी लागला. "रोज दुपारी डबा येतो त्याला. मी माज्या डोळ्यांनी बघितलाय."

माजलगावच्या बाजारात दिलावरचा केळीचा गाडा आणि समोरच गुफरानचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान. मशिदीत अजान द्यायला नवा माणूस नेमायचा होता. पाच वक्त पहिल्या रांगेत उभा राहणारा दिलावर, आणि लोकांच्या तोंडी नाव मात्र गुफरानचं. त्या ग्रीसने माखलेल्या गड्याचं. दिलावरचा नुसता जळफळाट व्हायचा. हेवा म्हणजे खरूजच ती, खाजवल्याशिवाय राहवत नाही.

"रोज्यात कुणाची निंदा करू नये, बाबा," मशिदीचे सदर, म्हणजे अध्यक्ष, म्हणाले. "गुफरान दिलाचा चांगला हाय."

"दिलाचं कुणी बघितलंय? आमच्या घरी या. रमजानात दिवसा चूल पेटत न्हाई. अब्बा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, वर साखरेची बीमारी, तरी रोजा सोडत न्हाईत. इफ्तारला एक खजूर खाल्ला की हात धुतात. सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक हाय. ह्याला वळण म्हणतात."

"आजाऱ्याला सूट असती, दिलावर."

"मी कुठं जबरदस्ती केली? त्येच म्हणतात, भूक न्हाई. दुपारी पाय मोकळे करायला जातात, लई खूश असतात."

सदरसाहेब नमाजासाठी उठले.

दुपारची जोहरची नमाज झाली. दिलावरनं सदरसाहेबांना आपल्या गाड्यापाशी आणून उभं केलं. गुफरानची बायको यास्मिन पदराआड डबा घेऊन आली, आत ठेवून गेली. मागोमाग शटर अर्धं खाली आलं. दिलावर ह्याचीच वाट बघत होता. आज अजानीचा निकाल लागणार, ह्या आनंदात गाडा तसाच सोडून त्यानं सदरसाहेबांना हाताला धरून रस्ता ओलांडून आणलं.

आत वाटी वाजल्याचा आवाज आला.

"ऐकलं का?" दिलावर हळूच म्हणाला, आणि त्यानं खाडकन शटर वर केलं.

दुकानाचं मागचं दार उघडं होतं. टायरांच्या ढिगाजवळ, पाठमोरं बसून, कुणीतरी दूध-भाकरी खात होतं. मागं वळून न बघता ते म्हणालं,

"पाणी आणलंस का, गुफरान? शटर खाली घे बाबा. माज्या दिलावरनं गावभर सांगितलंय, अब्बांचा रोजा हाय म्हणून. लेक खोटा ठरला तर अजान कोण देऊ दील त्येला?"