चित्राखालची ओळ

"हे काय आहे?" दादाने विचारलं.

"खुर्ची," धाकटी म्हणाली.

"ते दिसतंय मला. वर कसला ढीग?"

"धुतलेले कपडे. घड्या घालायचे राहिलेत."

दादाने चित्र हातभर लांब धरलं, मग नाकाशी आणलं, मग पुन्हा लांब धरलं. बहिणीला सगळं जग सोडून हीच चित्रं सुचायची. मागच्या रविवारी झिजलेला साबण आणला होता. त्याआधी अर्धवट उघडा राहिलेला ड्रॉवर.

"या बाहीचा रंग वेगळा का?"

"उन्हाने विटलीय. सदरा जुना आहे."

"हं. घे लिहून. घडी घालायची राहून गेलेल्या दिवसांची ही खुर्ची. आणि पुढे तीन टिंबं दे."

धाकटीने मान खाली घालून फोनमध्ये टिपून घेतलं. "छान आहे, दादा."

"छान कसलं? फसवणूक आहे ती. पहिल्या शब्दांत कोडं घालायचं, शेवटी गळा काढायचा. टिंबं दिसली की लोकांना वाटतं, काहीतरी खोल आहे. खोल काही नसतं, खड्डा असतो. पण वाकून बघतात बिचारे."

"लोक बघतात खरं," धाकटी म्हणाली.

"काय म्हणतात?"

"खूप जण म्हणतात, बघून गप्प व्हायला होतं."

दादा तुच्छतेने हसला. "गप्पच बसतील. त्यांना स्वतःचं बोलता कुठे येतं!"

दादाचं सगळं आयुष्य जाहिरात कंपनीत गेलं होतं. साबण, रंग, कुलपं, पंखे, सगळ्यांसाठी त्याने ओळी लिहिल्या होत्या. मग एक दिवस साहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, आता जाहिराती फोनवर चालतात, तिथली भाषा वेगळी असते, तुम्ही दमला असाल. टेबलावर फुलांचा गुच्छ आधीच आणून ठेवला होता. घरी येऊन दादा भिंतीकडे तोंड करून झोपला, तो उठेचना. दाढी वाढली. बायको बोलायला गेली की पांघरूण डोक्यावर ओढून घ्यायचा. शेवटी तिने नणंदेला फोन केला.

धाकटी दुसऱ्याच दिवशी चित्र घेऊन आली. पलंगाच्या कडेला बसून म्हणाली, "दादा, हे फोनवर टाकायचंय. खाली काय लिहावं, सुचत नाही. एखादी ओळ देशील?"

दादाने आधी तिला झापलं. त्या चव्हाट्यावर आपण जन्मात पाऊल ठेवणार नाही, असं बजावलं. मग चित्र भिंतीला टेकवून ठेवायला सांगितलं आणि उठून बसला. त्या दिवशी त्याने दाढी केली.

तेव्हापासून दर रविवारी हे चाललं होतं. दादाचा फोन साधा, बटणांचा. आपली वाक्यं तिकडे कशी दिसतात, हे बघायची त्याला इच्छा नव्हती. ज्या बाजाराने हाकललं, त्याला आपण घरबसल्या बोटावर नाचवतोय, एवढं त्याला पुरे होतं.

"तिची चित्रं म्हणजे काय, माहितीये?" तो बायकोला म्हणायचा. "गुळगुळीत डबा. वरची चिठ्ठी माझी असते, म्हणून लोक डबा उचलतात."

"हो का? चहा घ्या, निवतोय," बायको म्हणायची.

आणि मग धाकटीचं प्रदर्शन ठरलं. कुणी एक दालनवाली बाई फोनवर चित्रं बघून स्वतःहून तिच्या घरी आली होती.

"माझ्या ओळी लावणार ना भिंतीवर?" दादाने विचारलं.

"ती बाई भिंतीवर अक्षर लावू देत नाही रे."

"मूर्ख आहे. मग निदान भाषणात माझं नाव घे."

धाकटीने चित्र पिशवीत सरकवलं. "घेईन. तू ये मात्र. अगदी पुढे उभा राहा."

दादा इस्त्रीचे कपडे घालून बायकोबरोबर गेला. दालन खच्चून भरलं होतं. लोक खुर्चीपुढे उभे होते, साबणापुढे उभे होते, कुणी बोलत नव्हतं. दादाला त्यांची कीव आली. चिठ्ठी काढून घेतलेल्या डब्याकडे काय बघत बसलेत!

धाकटी बोलायला उभी राहिली.

"माझा मोठा भाऊ दर रविवारी माझं चित्र हातात घेऊन बघतो. नावं ठेवतो, पण बघतो. इतका वेळ माझ्या चित्राकडे दुसरं कुणी बघत नव्हतं, तेव्हाही तो बघायचा. म्हणून मी काढत राहिले."

टाळ्या वाजल्या. बायकोने डोळे पुसले. दादाच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. बघतो? नुसता बघतो? लिहितो कोण मग? सख्ख्या बहिणीने भर सभेत त्याला प्रेक्षकांत बसवलं होतं.

कुणाला तरी खरं सांगायलाच हवं होतं. शेजारी एक बाई खुर्चीचं चित्र बघत उभी होती. खांद्याला पिशवी, अंगावर दवाखान्यातला पांढरा कोट.

"ड्यूटीवरून थेट आलात वाटतं?" दादाने सुरुवात केली.

"हो, नर्स आहे मी. हिचं नवं चित्र आलं की आमच्या वॉर्डात सगळ्याजणी बघतात. रात्रपाळीवाल्यासुद्धा."

"अस्सं!" दादा तिच्याकडे वळला आणि छाती पुढे काढून हसला. "आणि चित्राखालची ती वाक्यं? ती कुणाची, माहितीये का?"

"कसली वाक्यं?" नर्सने फोन काढून त्याच्यापुढे धरला आणि बोटाने एकेक चित्र वर सरकवत नेलं. "दिवसभर जो येतो तो काहीतरी शहाणपण ऐकवून जातो हो. ही बाई चित्राखाली एक अक्षर लिहीत नाही, म्हणून तर आम्ही हिच्याकडे येतो."