रेघ कुठल्या बाजूला?

"रेघ कुठे आहे, पोरी?"

"उजवीकडे, उस्ताद."

रेघ डावीकडे होती. तबारकने डायोड चिमट्याने उचलून उस्ताद शाकिरच्या बोटांत ठेवला, त्याने तो तसाच सर्किटच्या दोन भोकांत खोवला आणि कथलाचा थेंब सोडला. धुराची बारीक लकेर उठली. एकविसावा झाला. एकूण सत्तर करायचे होते.

डायोड म्हणजे विजेचा एकेरी रस्ता. काळ्या अंगावरची पांढरी रेघ बॅटरीकडे बसली, तर छतावरच्या सौर पॅनलची वीज आत शिरते. उलटी बसली, तर वीज दारातच अडते आणि दिवा काही लागत नाही. काम एवढंसंच. पण ती रेघ दिसायला डोळे लागतात, आणि उस्तादच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय हे बसऱ्याच्या अशार बाजारात कुणीही सांगितलं असतं. बिचारा घरातसुद्धा काळा चष्मा घालायचा. डोळ्यांसाठी माणूस पाहिजे, असं त्यानेच बाजारभर सांगून ठेवलं होतं. ते ऐकून तबारक महिन्याभरापूर्वी त्याच्या दुकानात शिरली होती.

बसऱ्यात आधी कुणाची मुलगी ते विचारतात, मग चहाचं बघतात. उस्तादने सरळ चहाच मागवला. तबारकने मनात म्हटलं, बरं झालं, एक खोटं वाचलं.

तिचा बाप फाजिल याच बाकावर अकरा वर्षं बसला होता. नऊ वर्षांपूर्वी शाकिरने चाळीस सर्किटांत डायोड उलटे बसवले. तेव्हा त्याची नजर नुकती धुरकट व्हायला लागली होती, आणि ते फाजिलशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. माल परत आला, बाजार गोळा झाला. शाकिरने बोट दाखवलं आणि म्हणाला, "हे याच्या हातचं काम."

फाजिल गप्प राहिला. उस्तादचं नाव कसं बुडवायचं म्हणून गप्प राहिला, मूर्ख माणूस! त्यानंतर कुठल्याही दुकानाने त्याला उभं केलं नाही. बंदराच्या फाटकावर तो उकडलेल्या हरभऱ्यांची गाडी लावायचा. कथलाने पोळलेल्या बोटांनी लोकांना वाट्या भरून द्यायचा. दोन हिवाळ्यांपूर्वी तो वारला, आणि त्या मयतीला बाजारातलं काळं कुत्रं फिरकलं नाही.

"रेघ?"

"उजवीकडे."

"नीट बघ गं. खजूरवाल्यांच्या सत्तर दुकानांचे दिवे आहेत."

"बघतेय की, उस्ताद! माझे डोळे काय तुमच्यासारखे आहेत?"

उस्ताद खुदकन हसला. "नाहीत. नशीबवान आहेस."

सगळी सर्किटं तीन दिवसांत झाली. उस्ताद शाकिरचा माल तपासायला कुणी मीटर लावत नसे, खुद्द तोही नाही. त्याचा शिक्का बसला की लोक माल पेटीत घालून चालू लागत. हाच तर त्याचा तोरा होता, आणि तबारकला नेमका तोच मोडायचा होता. त्याला मारायचं नव्हतं, जाळायचं नव्हतं. बापाचं जे गेलं, तेच त्याचं जायला हवं होतं.

पाचव्या दिवशी भर दुपारी ठेकेदार अबू नूरी आला. त्याने पेटी दुकानाच्या पायरीवर आपटली.

"सत्तरातला एकही लागत नाही, शाकिर! एकही! खजूरवाले माझ्या दाढीला हात घालतायत!"

बघता बघता बाजार जमला. कुणी सर्किट हातात घेऊन बघितलं आणि ओरडलं, "अरे, डायोड उलटे आहेत! सगळेच्या सगळे!" कुणीतरी फिदीफिदी हसलं.

तबारक पुढे सरकली. आता तो बोट दाखवणार. ही पोरगी, हिच्या डोळ्यांचं काम, असं म्हणणार. मग ती बापाचं नाव घेणार होती आणि नऊ वर्षांचा हिशोब सगळ्यांच्या तोंडावर मारणार होती. रोज झोपण्याआधी तिने ती वाक्यं घोकली होती.

उस्ताद उठला. "मी बसवले," तो म्हणाला. "पोरीचा काही संबंध नाही. आणि ते फाजिलचे चाळीस... तेही मीच बसवले होते. तो निर्दोष होता. मी खोटं बोललो."

अबू नूरी थुंकला आणि पेटी तिथेच टाकून गेला. त्याच्यामागोमाग एकेक जण पाठ फिरवून निघून गेला. चाळीस वर्षांत शाकिरच्या दारावरून सलाम न करता कुणी गेलं नव्हतं.

तबारकला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं. पण घोकलेली वाक्यं तशीच घशात राहिली होती, आणि ती तिला गिळवेनात.

"मी फाजिलची मुलगी," ती म्हणाली. "तुम्हाला कळायलाच हवं. सत्तरच्या सत्तर वेळा मी उलटं सांगितलं. तुमचं नाव मी बुडवलं."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तू कुणाची ते. भुवया त्याच्या, हनुवटीवरची खळीही त्याचीच."

तबारक खवळून हसली. "आंधळ्याला खळी दिसते होय?"

उस्तादने काळा चष्मा काढून बाकावर ठेवला आणि थेट तिच्या डोळ्यांत बघितलं.

"तू आलीस त्याच्या आदल्याच आठवड्यात ऑपरेशनची पट्टी सुटली होती, पोरी. आता माणूस नको, हे तुला सांगायलाच मी त्या दिवशी उठलो होतो, तेवढ्यात तुझी हनुवटी दिसली."