गव्यांचा नकार

लग्नमांडवाचं सामान भरलेले ट्रक अभयारण्याच्या फाटकाशी येऊन थांबले, तेव्हा वनरक्षक रंजना कोकरे यंत्रावर आलेलं उत्तर पुन्हा वाचत होती. जंगलात काही करायचं तर आता तिथल्या जनावरांची परवानगी लागे आणि त्यांचं बोलणं हे यंत्र मराठीत सांगे. गव्यांच्या कळपाने कळवलं होतं, "नको. वासरं लहान आहेत."

"अहो कोकरे, मंत्र्यांच्या पुतण्याचं लग्न आहे!" फोनवर साहेब कडाडले. "तुम्हीच 'हो' टाका."

"साहेब, विचारायचं त्यांना आणि उत्तर मी द्यायचं?"

"नोकरी जाईल तुमची!"

नोकरीबरोबर क्वार्टरही जाणार. मग आजारी सासूला घेऊन जायचं कुठे? तरी रंजनाने फाटकाला कुलूप ठोकलं.

"गाड्या फिरवा," ती ड्रायव्हरांना म्हणाली.

"कुणाच्या हुकमाने?"

"आतल्यांच्या."

कुरकुरत ट्रक मागे फिरले.

संध्याकाळी बडतर्फीचा आदेश आला. रंजनाने वर्दी उतरवली, साडी नेसली आणि फाटकासमोर रस्त्यातच फतकल मारून बसली. आता साहेबांचा कुठलाच हुकूम तिला लागू नव्हता.