वस्तादांची नखं

कुस्ती लावण्याआधी केरबा वस्तादांनी दोन्ही पैलवानांची नखं स्वतः कानशीनं घासली. रक्तवाहिन्या जपणाऱ्या एन्झाइमचं जादा जनुक जन्मतःच टोचलेल्या या पिढीला हार्ट अटॅक येत नव्हता. पण तेच एन्झाइम रक्तातल्या पेशींना जंतू जाळू देत नसे. साधा ओरखडाही तीन दिवसांत माणूस संपवायचा.

चौथ्या मिनिटाला सर्जेरावनं धैर्यशीलचा हात कडकन मोडला आणि छातीवर बसून त्याचा गळा आवळला. खालच्याचे डोळे पांढरे झाले.

"सोड त्याला!" वस्ताद धावले.

"मरत नाही तो, वस्ताद! त्याचं हृदय बंद पडायचं नाही!"

वस्तादांनी सर्जेरावला मानगूट धरून मागं खेचलं आणि मुस्काटात ठेवून दिली. तो हसत उठला. मान चोळून त्यानं बोटं पाहिली. बोटांना रक्त होतं.

वीस वर्षं वस्ताद सगळ्यांची नखं बघत आले होते. वस्तादांची बघायची कुणाची टाप नव्हती.

"हात दाखवा, वस्ताद," सर्जेराव म्हणाला.

वस्तादांनी शाळकरी पोरासारखे दोन्ही हात पाठीमागं नेले.