दुखरा दंड

बेटाच्या धक्क्यावर उतरण्याआधी अधिकारी बाईंनी लसीची पिवळी पुस्तकं मागितली. माझ्या धाकट्या दिरांनी घरातल्या पाचजणांची रुबाबात पुढे केली. माझं माझ्या पर्समध्ये होतं.

बाईंनी तारखा बघून मान हलवली. पीतज्वराची लस घेऊन दहा दिवस झाल्याशिवाय बेटावर प्रवेश नाही. या सगळ्यांचे सहाच झाले होते.

होणारच! "लस घेऊन ताप आला तर गणपतीचं कोण बघणार? विसर्जनानंतर घेऊ," असं भावोजींनीच फर्मान काढलं होतं. मी मात्र चतुर्थीच्या आदल्या दिवशीच टोचून आले आणि दुखऱ्या दंडाने एकशे एक मोदक वळले. तेव्हा सगळे मला हसले होते.

माझ्या पुस्तकावर शिक्का पडला. समोर वाळूत म्हशीएवढी कासवं ऊन खात होती.

"वहिनी, एकट्या कुठे निघालात?" भावोजी बोटीतून ओरडले. "तुम्हाला साधं बँकेत जायचं तरी सोबत लागते!"

"आज नाही लागत," म्हणत मी उतरले आणि वळून त्यांना डावा हात उंच करून दाखवला. दंड आता मुळीच दुखत नव्हता.