कड्याचं मूळ

दगड कवटाळून जावई स्पंज काढायला समुद्राच्या तळाशी गेला होता. त्यानं झटका दिला की वर ओढायचं, म्हणून दोरी सासऱ्याच्या, साकेलारीसच्या हातात होती.

"काका," अथेन्सहून आलेल्या प्राध्यापक बाईंनी होडीतच वही उघडली. "जोखमीला तुम्ही रिझिको म्हणता. म्हणजे पाण्याखालचं कड्याचं मूळ, ज्यावर जहाजं फुटतात. पुस्तकात तसंच आहे."

"लिहिणारा जहाजात बसलेला असणार! स्पंज त्या मुळालाच धरतो, बाई. आमच्या बेटाची चूल त्यावर पेटते."

"म्हणजे रिझिको म्हणजे रोजीरोटी?"

"खाली उतरलेल्यासाठी."

"आणि वर थांबलेल्यासाठी?"

म्हातारा एकदम दोन्ही हातांनी दोरी ओढायला लागला.

"वही टाका आणि दोरी धरा! झटका एव्हाना यायला हवा होता."