तुर्कस्तानची राजधानी

बोटीवरून परतलेल्या बाबांना भेटायला वाडी पडवीत जमली होती. सुमेधाला रत्नागिरीच्या सामान्यज्ञान स्पर्धेसाठी त्यांनी पत्र्याचा पृथ्वीगोल आणला होता. “जग बघून आलोय. तुर्कस्तानची राजधानी इस्तंबूल! स्वतः उतरलोय धक्क्यावर.” “अंकारा, बाबा,” सुमेधा पटकन म्हणाली. “तिथे समुद्रच नाही, तुमची बोट कशी जाणार?” पडवी खो खो हसली. बाबांनी तोच गोल तिच्या तोंडावर हाणला. ओठ फाटला. मग कमरेचा पट्टा निघाला. “बोल गो, राजधानी कोणती?” “अंकारा.” बक्कल पाठीत घुसलं. “कोणती?” “अंकारा.” हसणारे आता खाली बघत होते. पट्टा पुन्हा वर गेला, तशी आत नारळ फोडणारी आई कोयत्यासकट बाहेर आली. ती शाळेत गेली नव्हती. चुलीपाशी लेकीचं पाठांतर रोज ऐकत होती. कोयत्याची धार तिने नवऱ्याच्या मनगटावर टेकवली. “आता मला विचारा.”